जिवाणूंतलं एम-आरएनए : बनतं कसं, मोडतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम-आरएनए म्हणजे जनुकाची तात्पुरती प्रत. तिच्यावरून रायबोसोम हे पेशीतलं यंत्र प्रथिन बनवतं. सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा इथल्या कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक शिकणाऱ्या मुलामुलींचे हे प्रश्न. बहुतेक व्हॉट्सॲपवर आलेले, काही व्हायवाच्या आदल्या रात्री. एकच प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला असेल तर तो इथे एकदाच घेतलाय आणि दोन उत्तरांची गाठ पडते तिथे क्रमांक दिलाय. वाक्यं शक्यतो तुमचीच ठेवली आहेत.

१. एम-आरएनए जिवाणूच्या पेशीत किती वेळ टिकतं?

ई. कोलाय (प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा जिवाणू) ३७ अंशांना चांगल्या माध्यमात वाढत असेल तर बहुतेक एम-आरएनएचं अर्धायुष्य ३ ते ८ मिनिटं असतं. पेपरात एकच आकडा हवा असेल तर ५ मिनिटं लिहा. अर्धायुष्य म्हणजे आत्ता असलेल्या रेणूंपैकी निम्मे संपायला लागणारा वेळ. 'पाच मिनिटांत सगळं संपतं' असं बरेच जण लिहितात, ते चूक. पाच मिनिटांनी निम्मं उरतं, दहाने पाव, वीसने सोळावा हिस्सा. माणसाच्या पेशीत हाच हिशेब तासांत करावा लागतो.

आणखी एक गैरसमज. रेणू जुना झाला म्हणून मोडतो असं साधारणपणे नसतं. आत्ताच बनलेल्या आणि दहा मिनिटांपूर्वी बनलेल्या प्रतीला पुढच्या मिनिटात कापलं जाण्याची शक्यता जवळपास सारखीच असते. म्हणून तर आलेख घातांकी येतो.

२. मॅडम, एवढी ऊर्जा खर्चून बनवायचं आणि पाच मिनिटांत मोडायचं. जिवाणूला हे परवडतं कसं?

हा माझा आवडता प्रश्न. जनुक चालू कसं होतं यावर आपल्याकडे लेक्चरांवर लेक्चरं होतात. ते बंद झाल्यावर आधीच बनलेल्या प्रतींचं काय, हे मात्र एका ओळीत उरकलं जातं.

एम-आरएनएची पातळी दोन गोष्टींवर ठरते, किती बनतंय आणि किती मोडतंय. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि घरोघरी टाकी असते, त्यामुळे हे इथल्या मुलांना सांगायला सोपं जातं. टाकी तळाशी गळत असेल तर पाण्याची पातळी नळ आणि गळती दोन्ही मिळून ठरवतात. नळ गेला की पातळी किती लवकर उतरेल, हे मात्र एकट्या गळतीवर. लॅक्टोज संपलं, लॅक ओपेरॉनचा (लॅक्टोज वापरण्यासाठी एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या गटाचा) प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारी जागा, बंद झाला, तरी आधीच्या प्रती टिकून राहिल्या तर रायबोसोम नको असलेलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज (लॅक्टोज तोडणारं एन्झाइम) बनवतच राहतील. विघटन नसतं तर या प्रती फक्त पेशी विभागताना वाटल्या जाऊन विरळ झाल्या असत्या. ई. कोलाय कितीही वेगात वाढला तरी विभागायला त्याला सुमारे २० मिनिटं लागतात. वाढ थांबलेल्या उपाशी पेशीत तर त्या तशाच पडून राहिल्या असत्या.

उलट दिशेनेही हाच नियम लागतो. जनुक चालू केल्यावर नवी पातळी किती उंच असेल हे बनवण्याचा वेग ठरवतो, पण ती गाठायला किती वेळ लागेल हे ठरतं मोडण्याच्या वेगावर. व्हायवात हे एक वाक्य नीट बोललात तर एक्सटर्नल पुढचा प्रश्न जरा आदराने विचारतील.

राहिला ऊर्जेचा मुद्दा. मोडून निघालेली न्यूक्लिओटाइड्स (आरएनएचे एकेक दुवे) वाया जात नाहीत, पुन्हा वापरली जातात (प्रश्न ६). शिवाय एकाच प्रतीवर एकामागून एक रायबोसोम चढत असल्याने ती मोडण्याआधी बरीच प्रथिनं निघालेली असतात.

३. आरएनए मुळातच कच्चं असतं, म्हणून मोडतं ना?

नाही. रायबोजवर (आरएनएतल्या साखरेवर) २ प्राइम जागी हायड्रॉक्सिल गट असल्याने आरएनए अल्कलीत डीएनएपेक्षा फार लवकर तुटतं, एवढं खरं. पण टी-आरएनए (अमिनो आम्लं आणून देणारा) आणि रायबोसोमल आरएनए (रायबोसोमचाच घटक) त्याच रसायनाचे आहेत आणि वाढत्या पेशीत ते कित्येक पिढ्या टिकतात. फरक एन्झाइमांना जागा मिळते की नाही याचा आहे. टी-आरएनएच्या घड्या घट्ट, रायबोसोमल आरएनएभोवती प्रथिनांचं कडं. एम-आरएनएला मात्र वाचलं जाण्यासाठी मोकळं राहावंच लागतं, आणि मोकळा आरएनए कापायला सोपा.

४. एम-आरएनए अल्पायुषी असतं हे आधी कोणाच्या लक्षात आलं?

गंमत म्हणजे एम-आरएनए सापडलं तेच त्याच्या अल्पायुष्यामुळे. १९५६ साली व्होल्किन आणि ॲस्ट्राखन यांना दिसलं की टी२ फाज (जिवाणूंना लागण करणारा विषाणू) घुसल्यावर जिवाणूत थोडासा आरएनए झपाट्याने बनतो आणि तितक्याच झपाट्याने मोडतो. त्याची घडण फाजच्या डीएनएसारखी असते. त्याचा अर्थ लागायला पाच वर्षं गेली. तोवर बहुतेकांचा समज होता की प्रत्येक जनुकाचा स्वतःचा रायबोसोम असतो. पण रायबोसोम टिकाऊ, आणि जनुक चालू-बंद केल्यावर प्रथिनांचं बनणं मात्र काही मिनिटांत बदलतं. हे जुळत नव्हतं.

१९६१ मध्ये सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जेकब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी जड समस्थानिकं वापरून दाखवलं की फाज घुसल्यावर नवे रायबोसोम बनत नाहीत. जुन्याच रायबोसोमवर नवा, अल्पायुषी आरएनए येऊन बसतो. सेंट्रिफ्यूजमध्ये सिझियम क्लोराइडमुळे त्यांचे रायबोसोम तुटत होते. मॅग्नेशियम वाढवल्यावर प्रयोग जमला. तुमच्या बफरमध्ये मॅग्नेशियम का असतं असं कोणी विचारलं तर हा किस्सा सांगा. त्याच वर्षी जेकब आणि मोनो यांनी संदेशवाहकाची कल्पना सविस्तर मांडली, आणि १९६५ मध्ये त्या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

५. आधी ट्रान्सक्रिप्शन, मग ट्रान्सलेशन, मग विघटन, असाच क्रम ना?

ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डीएनएवरून आरएनए लिहिणं, ट्रान्सलेशन म्हणजे त्यावरून प्रथिन बनवणं. पुस्तकात आकृती तशी काढतात. ई. कोलायच्या पेशीत तिन्ही कामं एकाच रेणूवर एकाच वेळी चालू असू शकतात. केंद्रकाचा पडदा नाही, त्यामुळे आरएनए पॉलिमरेज (आरएनए लिहिणारं एन्झाइम) पुढे लिहीत असताना मागून रायबोसोम वाचायला लागतो. पॉलिमरेज सेकंदाला साधारण ४० ते ५० न्यूक्लिओटाइड्स जोडतो. रायबोसोम सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्लं जोडतो, म्हणजे ४५ ते ६० न्यूक्लिओटाइड्स वाचतो. वेग जवळपास जुळतात. बीटा-गॅलॅक्टोसिडेजचं लॅक झेड जनुक ३,००० न्यूक्लिओटाइड्सहून थोडं लांब आहे, ते लिहायला एक मिनिटाहून जास्त लागतं. तेवढ्यात ५ प्राइम टोकाकडे (सुरुवातीच्या टोकाकडे, शेवटचं ते ३ प्राइम) मोडतोड सुरूही झालेली असू शकते.

अपवाद आहे. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत पॉलिमरेज रायबोसोमला बरंच मागे टाकून पुढे जातो, हे २०२० साली दाखवलं गेलं. तेव्हा 'सर्व जिवाणूंत ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन जोडीनेच चालतं' असं लिहू नका.

६. ई. कोलायमध्ये मोडण्याचं काम कोणती एन्झाइम्स करतात? क्रमाने सांगा.

पहिला घाव बहुतेक वेळा आरएनेज ई घालतो (आरएनेज म्हणजे आरएनए मोडणारं एन्झाइम). हा एंडोन्यूक्लिएज, म्हणजे साखळीच्या मधेच कापणारा. एकेरी पट्टीचे, ए आणि यू जास्त असलेले भाग त्याला लागतात. प्रथिन १,०६१ अमिनो आम्लांचं. पहिली सुमारे ५२९ कापण्याचं काम करतात. उरलेल्या भागात त्याला पेशीपटलाच्या आतल्या बाजूला चिकटवणारा तुकडा असतो आणि तीन जोडीदारांसाठी जागा असतात: पीएनपेज (टोकाकडून आरएनए खाणारं एन्झाइम), आरएचएलबी नावाचा हेलिकेज (आरएनएच्या घड्या उलगडणारा) आणि एनोलेज. या चौकडीला डिग्रॅडोसोम म्हणतात. एनोलेज हे ग्लायकोलिसिसमधलं एन्झाइम इथे काय करतंय, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. त्याचा संबंध साखरेच्या चयापचयाशी आणि ऑक्सिजनच्या तुटवड्याशी निगडित नियंत्रणाशी दिसतो, पण यावर वाद आहेत आणि पेपरात त्यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नये.

एक घाव पडला की दोन तुकडे होतात आणि दोघांचंही संरक्षण जातं. अलीकडच्या, म्हणजे सुरुवातीकडच्या तुकड्याला नवं ३ प्राइम टोक मिळतं. मूळ टोकाला टर्मिनेटरचा (लिहिणं थांबवणाऱ्या क्रमाचा) हेअरपिन, म्हणजे स्वतःवरच दुमडलेला आरएनए होता, इथे काहीच नसतं, त्यामुळे एक्सोन्यूक्लिएज (टोकाकडून खाणारी एन्झाइम्स) तिथून शिरतात. पलीकडच्या तुकड्याच्या ५ प्राइम टोकाला एकच फॉस्फेट असतं, आणि असं टोक आरएनेज ईला अधिक चांगलं पकडता येतं (प्रश्न ७). म्हणजे पहिला घाव पुढच्या घावाची सोय करून ठेवतो. पेशीतून आरएनए काढल्यावर अर्धवट तुकडे फारसे दिसत नाहीत, त्याचं मोठं कारण हेच. पहिला घाव पडायला वेळ लागतो, बाकीचं झटपट उरकतं.

३ प्राइमकडून खाणारे तिघे. आरएनेज २ पाण्याने तोडतो आणि मोनोफॉस्फेट देतो. एकूण एक्सोन्यूक्लिएज कामाचा मोठा वाटा त्याचा, पण हेअरपिन आला की तो अडतो. पीएनपेज फॉस्फेटने तोडतो आणि डायफॉस्फेट देतो, त्यामुळे एका ऊर्जाबंधाची बचत होते. हेअरपिन सोडवायला त्याला आरएचएलबीची मदत मिळते. आरएनेज आर वळ्या पडलेल्या आरएनएमधूनही वाट काढतो.

शेवटी उरतात अगदी छोटे तुकडे, विशेषतः दोन न्यूक्लिओटाइड्सचे. ते ऑलिगोरायबोन्यूक्लिएज साफ करतो. किरकोळ वाटणारं हे शेवटचं एन्झाइम नसेल तर ई. कोलाय जगत नाही.

पीएनपेजची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५५ मध्ये मारियान ग्रुनबर्ग-मनागो यांना सेव्हेरो ओचोआंच्या प्रयोगशाळेत हे एन्झाइम मिळालं ते आरएनए 'बनवणारं' म्हणून. परीक्षानळीत ते खरोखर बनवतं, आणि जनुकीय संकेत उलगडताना कृत्रिम आरएनए करायला ते फार उपयोगी पडलं. ओचोआंना १९५९ चं नोबेल मिळालं. पेशीत मात्र त्याचं मुख्य काम नेमकं उलटं निघालं.

७. ५ प्राइम टोकावर तीन फॉस्फेट असतात. त्याचा आयुष्याशी काय संबंध?

नव्या एम-आरएनएच्या सुरुवातीला ट्रायफॉस्फेट असतं आणि ते एक प्रकारचं संरक्षण ठरतं. आरएनेज ईमध्ये ५ प्राइम मोनोफॉस्फेट बसेल अशी एक खोबण आहे. ट्रायफॉस्फेट तिथे बसत नाही. जादाचे फॉस्फेट काढून मोनोफॉस्फेट उरवणारं एन्झाइम म्हणजे आरपीपीएच, ते २००८ मध्ये ओळखलं गेलं. युकॅरिओटमध्ये (केंद्रक असलेल्या पेशींत) विघटनाआधी कॅप, म्हणजे ५ प्राइम टोकावरचं टोपण काढतात, त्याच्याशी हे बरंच मिळतंजुळतं आहे. काही जिवाणू-आरएनएच्या टोकाला ट्रायफॉस्फेटऐवजी चक्क एनएडी हा चयापचयातला रेणू असतो, आणि तो काढायला एनयूडीसी नावाचं वेगळं एन्झाइम आहे.

पण सगळंच याच मार्गाने जात नाही. टोकाकडे न बघता आरएनेज ई थेट मधल्या सोयीच्या जागेवर उतरून कापतो, हेही भरपूर घडतं. 'फक्त' हा शब्द या उत्तरात टाळा.

८. जिवाणूत पॉली-ए शेपूट असते का? आमच्या नोट्समध्ये 'नसते' लिहिलंय.

असते. पॉली-ए शेपूट म्हणजे ३ प्राइम टोकाला जोडलेली नुसत्या ए-ची रांग. ई. कोलायमध्ये पॉली-ए पॉलिमरेज १ ती लावतो. पण शेपूट आखूड असते, साधारण १० ते ४० ए, आणि कोणत्याही क्षणी थोड्याच रेणूंना असते. परिणाम माणसाच्या पेशीपेक्षा उलटा. तिथे शेपूट एम-आरएनए टिकवते, इथे ती मोडायला हातभार लावते. ३ प्राइम टोकाला हेअरपिन असेल तर एक्सोन्यूक्लिएजना पकडायला मोकळा आरएनए मिळत नाही. शेपटामुळे तो मिळतो.

याचीच व्यावहारिक बाजू अशी की जिवाणूच्या आरएनएवरून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करताना ऑलिगो-डीटी, म्हणजे पॉली-ए शेपटीला चिकटणारा प्रायमर चालत नाही. रँडम हेक्सामर किंवा जनुकाचा स्वतःचा प्रायमर घ्या. किट घेताना दुकानदार 'जिवाणू आणि माणूस, दोन्हीला चालतं' म्हणेल, आतला कागद वाचा.

९. एक एम-आरएनए दोन मिनिटांत जातं, दुसरं पंधरा मिनिटं टिकतं. हे ठरतं कशावर?

जितकं लांब तितकं लवकर मोडतं, असा सरळ नियम नाही. महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिली, ५ प्राइम टोकाची घडण. बाह्यपटलातल्या ओम्प-ए प्रथिनाचं एम-आरएनए वेगाने वाढणाऱ्या पेशीत सुमारे १५ मिनिटं टिकतं, कारण त्याच्या अगदी सुरुवातीला हेअरपिन आहे आणि टोक मोकळं सापडत नाही. हाच भाग दुसऱ्या अल्पायुषी एम-आरएनएला जोडला तर त्याचंही आयुष्य वाढतं. दुसरी, रायबोसोमची वर्दळ. शाइन-डालगार्नो क्रम (रायबोसोम चढतो ती जागा) चांगला असेल तर रायबोसोम दाटीने चढतात आणि कापण्याच्या जागा झाकल्या जातात. सुरुवातीलाच चुकीचा स्टॉप कोडॉन (प्रथिन संपल्याची खूण) आला की पुढचा भाग उघडा पडतो.

तिसरी गोष्ट मुलांना सर्वांत नवलाची वाटते. एकाच ओपेरॉनच्या एकाच एम-आरएनएचे वेगवेगळे भाग वेगवेगळा काळ टिकू शकतात. रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस या प्रकाशसंश्लेषी जिवाणूच्या पफ ओपेरॉनमध्ये प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांचा भाग सुमारे ३३ मिनिटं अर्धायुष्याचा, तर रिॲक्शन सेंटरचा (गोळा झालेली ऊर्जा वापरणाऱ्या प्रथिनांचा) भाग सुमारे ८ मिनिटांचा. प्रकाश गोळा करणारी प्रथिनं जास्त लागतात आणि ती जास्त बनतात. प्रमोटर एकच, तरी प्रमाण वेगळं. ओपेरॉनमधली सगळी जनुकं सारखीच व्यक्त होतात असं शिकवून आम्ही तुमची दिशाभूल करतो, ती इथे दुरुस्त करून घ्या.

चौथी, परिस्थिती. सीएसपी-ए या थंडीच्या प्रथिनाचं एम-आरएनए ३७ अंशांना काही सेकंदांत जातं. तीच पेशी १५ अंशांवर नेली की ते २० मिनिटांहून जास्त टिकतं. उपासमारीत आणि वाढ थांबल्यावर बहुतेक एम-आरएनए जास्त टिकतात.

१०. बॅसिलसमध्येही हेच सगळं लिहायचं का?

नाही, इथे मार्क जातात. बॅसिलस सबटिलिसमध्ये आरएनेज ई नाहीच. मधे कापण्याचं बहुतेक काम आरएनेज वाय करतो, तोही पेशीपटलाला चिकटलेला. नात्याने वेगळा पण कामाने सारखा. मोठा फरक म्हणजे आरएनेज जे-१. हा ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे खात जातो. २००७ पर्यंत असा एक्सोन्यूक्लिएज जिवाणूंत नसतोच असं सर्व पुस्तकांत होतं, आणि जुन्या आवृत्त्यांत अजून आहे.

परिणामी बॅसिलसमध्ये ५ प्राइम टोकाजवळ अडकलेला एक रायबोसोम पुढचं सगळं एम-आरएनए वाचवू शकतो. एरिथ्रोमायसिनला प्रतिकार देणाऱ्या ईआरएम-सी जनुकात हेच होतं. औषधामुळे रायबोसोम सुरुवातीलाच थबकतो आणि एम-आरएनए टिकाऊ होतं.

११. स्मॉल आरएनए काय करतात? ते स्वतः एन्झाइम असतात का?

एन्झाइम नसतात, नेम धरून देतात. लोह कमी पडलं की ई. कोलाय सुमारे ९० न्यूक्लिओटाइड्सचा आरवायएचबी हा स्मॉल आरएनए बनवतो. तो एचएफक्यू प्रथिनाच्या साहाय्याने, लोह वापरणाऱ्या प्रथिनांच्या एम-आरएनएशी जोडी जमवतो. रायबोसोमची वाट अडते आणि आरएनेज ई तिथे येऊन कापतो. या भानगडीत आरवायएचबी स्वतःही मोडला जातो, म्हणून लोह परत मिळालं की दडपण पटकन उठतं.

१२. अर्धायुष्य प्रत्यक्षात मोजतात कसं?

नेहमीची पद्धत अशी. वाढत्या कल्चरमध्ये रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक घालायचं. ते पॉलिमरेजच्या बीटा उपघटकाला चिकटून आरएनए दोन-तीन न्यूक्लिओटाइड्सच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणजे नवी सुरुवात बंद. मग ०, २, ४, ८, १२ मिनिटांना नमुने काढायचे, आरएनए वेगळं करायचं आणि आरटी-क्यूपीसीआरने (आरएनएची डीएनए प्रत करून ती मोजणाऱ्या चाचणीने) आपलं जनुक मोजायचं. १००, ५७, ३३, १९ असे आकडे ०, ४, ८, १२ मिनिटांना आले तर लॉग घेऊन काढलेल्या रेषेचा उतार मिनिटाला ०.१३९ येतो. ०.६९३ ला त्याने भागा, ५ मिनिटं.

याहून सोपी युक्ती आहे. पीसीआरची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर सीटी (सिग्नल दिसायला लागणाऱ्या पीसीआर चक्रांची संख्या) एकाने वाढायला लागलेली मिनिटं म्हणजेच अर्धायुष्य.

आता हाताचं काम. रिफॅम्पिसिनचा स्टॉक गडद लालसर असतो, डीएमएसओ किंवा मिथेनॉलमध्ये करतात. फ्लास्कमध्ये टाकल्यावर माध्यमभर रंग पसरलेला दिसेपर्यंत हलवा. तळाशी लाल धार राहिली तर तुमचं शून्य मिनिट खोटं. नमुना थेट बर्फावर ठेवलेल्या थांबवणाऱ्या द्रावणात (५ टक्के फिनॉल घातलेलं इथेनॉल) जायला हवा. आणि तुलनेसाठी १६एस रायबोसोमल आरएनए घ्या. दुसरं एम-आरएनए घेतलंत तर तेही मोडत असतं, मग तुमचं जनुक उगाच टिकाऊ दिसतं.

१३. रिफॅम्पिसिन घातलं तरी पहिली एक-दोन मिनिटं सिग्नल कमीच होत नाही. औषध खराब आहे का?

बहुधा नाही. रिफॅम्पिसिन नवी सुरुवात थांबवतं, पण आधीच निघालेले पॉलिमरेज आपलं जनुक पूर्ण करतात. प्रायमर लांब जनुकाच्या ३ प्राइम टोकाजवळ असतील तर तिथे आणखी मिनिटभर नवा आरएनए येत राहणार (वेगाचा हिशेब प्रश्न ५ मध्ये). मोठ्या ओपेरॉनच्या शेवटच्या जनुकात याहून जास्त वेळ. म्हणून सुरुवातीचा सपाट भाग सोडून रेषा काढा आणि जर्नलमध्ये तसं लिहा. सगळे बिंदू कोंबून एकच रेषा मारली तर अर्धायुष्य फुगलेलं येतं.

पातळी कितीही वेळ ढळलीच नाही, तर मात्र स्ट्रेन रिफॅम्पिसिनला प्रतिकारक आहे का ते आधी पाहा.

१४. आरएनेज ई जगायला आवश्यक आहे, मग त्याच्याशिवाय काय होतं हे कसं कळलं?

तापमान-संवेदी म्युटंट वापरून. हे स्ट्रेन ३० अंशांना वाढतात आणि ४४ अंशांना त्यांचा आरएनेज ई निकामी होतो. ४४ अंश म्हटलं की वर्गात हशा होतो, कारण मे महिन्यात सोलापूरचा पारा त्याच घरात असतो. इन्क्युबेटर न लावता जमेल का, असं विचारणाऱ्यांना उत्तर : नाही. बदल झटक्यात व्हायला हवा, त्यासाठी वॉटर बाथच लागतो.

४४ अंशांवर नेल्यावर एम-आरएनएचं सरासरी अर्धायुष्य वाढतं, पण मोडणं थांबत नाही, कारण आरएनेज ३ सारखे इतर एंडोन्यूक्लिएजही थोडंफार काम करतात. पेशी मात्र वाढायची थांबते. आरएनेज ई ५एस रायबोसोमल आरएनए आणि टी-आरएनए घडवण्यातही लागतो. नियंत्रण म्हणून साधा स्ट्रेनही त्याच वेळी ४४ अंशांवर नेलाच पाहिजे, नाहीतर नुसत्या उष्णतेचा परिणाम आरएनेज ईच्या नावावर जमा होईल.

१५. क्लोरॅम्फेनिकॉलने प्रथिनं थांबतात, मग एम-आरएनए कमी व्हायला हवं ना? आमच्याकडे वाढलं!

बरोबर वाढलं. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक रायबोसोम एम-आरएनएवर जागच्या जागी गोठवतं, त्यामुळे एम-आरएनए झाकलेलं राहतं आणि टिकतं. प्युरोमायसिन साखळी अर्धवट सोडायला लावून रायबोसोम उतरवतं, तिथे साधारणपणे उलट दिसतं. 'ट्रान्सलेशन थांबवलं' एवढं लिहून भागत नाही, कसं थांबवलं ते लिहा.

१६. मधेच तुटलेल्या एम-आरएनएवर रायबोसोम असेल तर त्याचं काय होतं?

स्टॉप कोडॉनच नाही, त्यामुळे तो टोकाला अडकतो. टीएम-आरएनए नावाचा आरएनए तिथे येतो. त्याचा एक भाग टी-आरएनएसारखा, दुसरा एम-आरएनएसारखा. रायबोसोम तुटका आरएनए सोडून याच्यावरून पुढे वाचतो, अर्धवट प्रथिनाला एक छोटी शेपटी लागते आणि प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स) ते प्रथिन खातात. तुटका आरएनए आरएनेज आरकडे जातो.

१७. कोविडच्या लशीतलं एम-आरएनए हेच का?

तत्त्व तेच, पण बांधणी आपल्या पेशीसाठी : कॅप, लांब पॉली-ए शेपूट, आणि बहुतेक लशींत बदललेलं युरिडिन. या बदलाच्या शोधासाठी कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं. कारखान्यात ते बनवायला जिवाणूवर वाढणाऱ्या टी७ फाजचा पॉलिमरेज वापरतात. भारतात पुण्याच्या जेनोव्हाने केलेल्या एम-आरएनए लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली.

१८. एम-आरएनए सापडलं म्हणजे जंतू जिवंत आहे असं म्हणता येतं का?

डीएनएपेक्षा नक्कीच जास्त विश्वासाने. मेलेल्या जंतूचा डीएनए बराच काळ सापडत राहतो, एम-आरएनए सहसा लवकर नाहीसं होतं. पण 'सहसा' म्हणावं लागतं. थंडीत, किंवा मोडणारी एन्झाइम्सच उष्णतेने निकामी झाली असतील तर तुकडे टिकतात. छोटा तुकडा मोजणारी चाचणी मग फसते.

क्षयाच्या जंतूबद्दल हे विशेष लक्षात ठेवा. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसमध्ये आरएनेज ई आणि आरएनेज जे दोन्ही आहेत. वाढत असताना त्याच्या एम-आरएनएचं सरासरी अर्धायुष्य साडेनऊ मिनिटांच्या आसपास मोजलं गेलंय. ऑक्सिजन कमी पडून तो सुस्त झाला की एम-आरएनए कितीतरी जास्त टिकतं. म्हणजे एम-आरएनए असलं तरी पेशी त्यावरून काही नवं करतेय, असं मानता येत नाही.

१९. आरएनए काढताना दर वेळी स्मिअर येतो. डीईपीसी पाणी वापरतो, ग्लोव्ह्ज घालतो, तरीही.

स्मिअर, म्हणजे जेलवर स्पष्ट पट्ट्यांऐवजी पसरलेला डाग, ही आरएनए तुटल्याची खूण. हातावरचे आरएनेज हा अर्धाच प्रश्न आहे. ते चिवट असतात, ऑटोक्लेव्हने मरतील याची खात्री नाही, म्हणून काचसामान हॉट एअर ओव्हनमध्ये १८० अंशांना काही तास ठेवा. ट्रिस बफरला डीईपीसी (आरएनेज निकामी करणारं रसायन) घालू नका, ते ट्रिसशीच अभिक्रिया करतं. डीईपीसी केलेल्या पाण्यात ट्रिस विरघळवा.

दुसरा अर्धा भाग जिवाणूच्या आत आहे. कल्चर साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवलं म्हणजे दोन अर्धायुष्यं गेली. शिवाय पेशी तेव्हा जिवंत असतात, गोळा झाल्याचा ताण त्यांना जाणवतो आणि त्या नवी जनुकं चालू करतात. तुम्ही मोजता ते फ्लास्कमधल्या नव्हे, ट्यूबच्या तळातल्या पेशींचं चित्र. म्हणून आधी थांबवा (प्रश्न १२), मग फिरवा. एप्रिल-मेमध्ये थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ बघता बघता पाणी होतो. पहिला नमुना काढायच्या आत दुसरं खोकं भरून तयार ठेवा.

२०. प्रथिन जास्त मिळावं म्हणून बीएल२१ स्टार स्ट्रेन घ्यायला सांगितलाय. त्यात वेगळं काय?

हा प्रथिनं बनवून घेण्यासाठी वापरला जाणारा ई. कोलायचा स्ट्रेन. त्यात आरएनेज ईचा मागचा, जोडीदार धरणारा भाग कापलेला आहे. कापणारा पुढचा भाग शाबूत असल्याने पेशी जगते, पण डिग्रॅडोसोम नीट जमत नाही आणि बरीच एम-आरएनए जास्त टिकतात. टी७ प्रमोटरवर याचा फायदा विशेष दिसतो. टी७ पॉलिमरेज जिवाणूच्या पॉलिमरेजपेक्षा कित्येक पट वेगाने पळतो, रायबोसोम मागे पडतात आणि उघडं राहिलेलं एम-आरएनए एरवी लगेच कापलं गेलं असतं. तुमचं प्रथिन पेशीला विषारी असेल तर मात्र हा स्ट्रेन नको. आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) घालण्याआधी जे थोडंफार एम-आरएनए बनतं, तेही यात टिकून राहतं.